‘बंद पडू दे’ म्हणणाऱ्या आंटी

कोणाचाही कोड वाचायला घेतला की आंटींच्या नाकपुड्या आधी आकसत. मग खुर्ची जराशी मागे सरके आणि भाईंदरजवळच्या हाटकेशमधल्या औद्योगिक गाळ्यातल्या आमच्या लहानशा कचेरीत सर्वांना ऐकू जाईल असा एकच उद्गार निघे, “शी!” चाळिशी ओलांडल्यावर, एम.ए.ची पदवी बाजूला ठेवून मी तिथे जावा ही संगणकाची भाषा शिकू लागले होते. तो उद्गार माझ्या वाट्याला किती वेळा आला, हे सांगण्याचा मला अजूनही संकोच वाटतो.

आंटी आमच्या मुख्य प्रोग्रामर; उत्तनच्या कोळीवाड्यातल्या, बोंबील वाळत घातलेल्या अंगणात वाढलेल्या. दुपारी त्यांचा डबा उघडला की कोणीतरी खिडकी उघडायला उठे. त्या हसून म्हणत, “उघडा, उघडा. मासळी नासली तर वास येतो तरी. तुमच्या कोडला वासच न्हाय, ती खरी घाण हाय.”

त्यांना सर्वाधिक किळस होती ती कोडमध्ये पुरून ठेवलेल्या पासवर्डची. पॅथॉलॉजी लॅबसाठी आम्ही एक वेब ॲप्लिकेशन तयार करत होतो. रुग्णांचे अहवाल साठवणाऱ्या डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड प्रत्येक लॅबच्या सर्व्हरवर, ॲप्लिकेशनच्या बाहेर, वेगळ्या फाइलमध्ये राहावा. सुरू होताना ॲप्लिकेशनने ती फाइल वाचावी. आणि फाइल सापडली नाही तर त्याने सुरूच होऊ नये, असा त्यांचा दंडक होता. मी एकदा भीतभीत विचारले, “फाइल नाही सापडली तर तेवढ्यापुरतं आतलं काहीतरी वापरलं तर?”

जणू मी त्यांच्या डब्यात थुंकले होते, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिले. “बाय, आपला ब्रश सापडला न्हाय म्हणून दुसऱ्याचा तोंडात घालशील?”

कंपनीच्या मालकांना हे पटत नव्हते. एका ग्राहकासमोर नेमकी फाइल जागेवर नव्हती आणि ॲप्लिकेशनने सुरू होण्यास साफ नकार दिला. परत येताच ते कडाडले, “आंटी, इज्जतीचा फालुदा झाला! काही पण करा, चालू झालं पाहिजे.”

“बंद पडू दे,” आंटी शांतपणे म्हणाल्या. “बंद पडलं तर आपली लाज जाते. चुकीचं चाललं तर पेशंटचं काय जाईल, ते सांगा.”

मालकांनी दुसऱ्या एका प्रोग्रामरकडून आमची सर्वांत पहिली ग्राहक असलेल्या लॅबच्या क्लाउडवरील डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड ॲप्लिकेशनच्या आत भरून घेतला. बाहेरची फाइल नसेल तेव्हा तो वापरायचा. आंटींनी तो बदल वाचला. या वेळी “शी”देखील म्हणाल्या नाहीत. उठल्या आणि बेसिनवर जाऊन साबणाने हात धुऊन आल्या.

पुढे भाईंदरच्या दुसऱ्या एका लॅबने सर्व्हर बदलला. फाइल नव्या सर्व्हरवर न्यायची राहून गेली. ॲप्लिकेशन मात्र निर्लज्जपणे सुरू झाले आणि तिथल्या पडद्यावर पहिल्या लॅबच्या रुग्णांचे अहवाल दिसू लागले. नाव सारखे असल्यामुळे भलत्याच रुग्णाचा मधुमेहाचा अहवाल तिथल्या एका बाईंच्या हाती गेलाही. लॅबमधून विचारणा आली तेव्हा मालक म्हणाले, “नेटवर्कचा प्रॉब्लेम होता म्हणून सांगा. विषय संपवा.”

आंटींनी त्यांच्यासमोरच त्या लॅबला फोन लावला. “ऐका, चूक आमची हाय. सकाळपासून दिलेला एकही रिपोर्ट खरा धरू नका. आधी त्या बाईंना कळवा. न्हायतर गोळ्या सुरू करतील त्या.”

“उद्यापासून येऊ नका,” मालक म्हणाले.

“उद्या कशाला? मी आत्ताच निघतेय.” पर्स खांद्याला लावून त्या माझ्या टेबलाशी थांबल्या. “बाय, शिकत राहा. पण इथलं सगळंच शिकू नकोस.”

त्या जिना उतरतात न उतरतात तोच मालक माझ्यापाशी आले. “मॅडम, तुमची भाषा चांगली आहे. लॅबला एक मेल लिहा. आंटींची तब्येत बरी नव्हती, काहीबाही बोलल्या. रिपोर्ट सगळे बरोबर आहेत.”

म्हणजे त्या बाईंच्या हातातला अहवाल पुन्हा खरा ठरणार होता.

“मी नाही लिहिणार,” मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मालकांनी कपाळाला आठ्या घालून विचारले, “काय?”

मला ते वाक्य पुन्हा म्हणावे लागले.