डॉजचा नवा पट्टा

गुणाजीला यंत्रं आवाजावरून कळायची. मानपाड्याच्या एका केमिकल कारखान्यात तो पंधरा वर्षं फिटर होता. कुठल्या कॉम्प्रेसरचा पट्टा सैल झालाय ते तो कँटीनमध्ये चहा पिता पिता सांगायचा. नवीन लागलेले कामगार त्याच्याशी पैज लावायचे आणि हरायचे.

त्याआधीचं त्याचं आयुष्य खाडीवरचं. कोपरच्या कोळ्यांचं घर. बाप होडी घेऊन जायचा, आई मनुबाई डोंबिवलीच्या बाजारात टोपली मांडून बसायची. होडी खुंट्याला कशी बांधायची हे बापाने त्याला सहाव्या वर्षी शिकवलं. एकच वेढा घेतला तर भरतीला दोर सरकतो. अजून अर्धा वेढा घेतला की होडी जागची हलत नाही. दोर उजवीकडून घ्या नाहीतर डावीकडून, वेढा पुरता बसला पाहिजे.

त्र्याण्णव साली कारखाना बंद पडला. गुणाजीने मानपाडा रोडला पत्र्याची शेड घेतली आणि गाड्या दुरुस्त करू लागला.

तिथे भाऊ आले, त्यांची डॉज घेऊन. भाऊ म्हणजे निवृत्त ड्राफ्ट्समन. पूर्वेला त्यांचं तळमजल्याचं घर होतं, पुढे छोटंसं अंगण. गाडी पंचावन्न सालची, काळी, बोटीएवढी लांब. भाऊंनी ती हौसेने घेतली होती. पण आता ती हौस उरली नव्हती. त्यांच्या पत्नी सुमतीबाई अर्धांगवायूने आजारी होत्या. उजवी बाजू गेलेली, बोलणं दोन-चार शब्दांपुरतं. दर शनिवारी त्यांना व्यायामाच्या उपचारासाठी ठाण्याला न्यावं लागे. टॅक्सीत त्यांचा पाय वाकत नसे. रिक्षात बसवलं की त्या किंचाळत. डॉजचं दार मात्र भिंतीतल्या कपाटासारखं सताड उघडायचं आणि पुढची सीट सलग, सोफ्यासारखी होती. तिथे त्या व्यवस्थित बसायच्या. बाहेर पडायचा त्यांचा तेवढाच एक रस्ता होता.

अडचण पट्ट्याची होती. इंजिनच्या तोंडावरचा एकच पट्टा पाण्याचा पंप, पंखा आणि डायनामो फिरवायचा. मूळ मापाचा पट्टा आता मिळत नव्हता. भाऊ पिठाच्या गिरणीचा, नाहीतर कुठल्या मशीनचा जवळपासच्या मापाचा पट्टा घालायचे. तो ओरडायचा, सरकायचा आणि तुटायचा. तीन महिन्यांत तीनदा मुंब्र्यात तुटला. तिसऱ्या वेळी सुमतीबाई दोन तास उन्हात गाडीत बसून होत्या.

"गुणाजी," भाऊ म्हणाले, "मला गाडी सुंदर नको. ती थांबायला नको, एवढंच कर."

गुणाजी कुर्ल्याच्या भंगार बाजारात गेला. तिथे एका जपानी गाडीचं फुटलेलं इंजिन पडलं होतं. त्याच्या तोंडावर चपटा, रुंद पट्टा होता. आतून सहा बारीक नाळी, लांब खाचांसारख्या, बाहेरून गुळगुळीत. एकच पट्टा सगळ्या पुल्यांना वळसे घेत गेला होता आणि स्प्रिंगची एक पुली त्याला सतत ताणून धरत होती. सैल पडायचा प्रश्नच नाही. गुणाजी त्याच्यासमोर उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही.

पट्टा, स्प्रिंगची पुली आणि डायनामोच्या जागी बसवायला अल्टरनेटर घेऊन तो आला. डॉजच्या मापाच्या नाळीवाल्या पुल्या बाबुरावने कापून दिल्या. बाबुरावचं एमआयडीसीत लेथ मशीन होतं.

"गुण्या, हा पट्टा आहे का धामण?" बाबुराव म्हणाला. "म्हातारीला जीन्स घालतोयस तू."

"तू नाळ सरळ काप. बाकी मी बघतो."

पुल्या एका रेषेत आहेत का हे त्याने मासेमारीच्या तंगुसाने तपासलं. बापाच्या पेटीतलं रीळ होतं ते. तंगूस ताणून धरला, सगळ्या पुल्यांना सारखा टेकला. केसाइतकाही फरक नव्हता.

मग पट्टा चढवायची वेळ आली. नेहमीसारखा घेतला तर अल्टरनेटरच्या पुलीला जेमतेम पाव वेढा बसत होता. तो सरकणार हे गुणाजीला दिसत होतं. त्याने पट्टा पंपाच्या आतल्या अंगाने न घेता बाहेरून घेतला. पट्ट्याची गुळगुळीत पाठ पंपावर टेकली आणि अल्टरनेटरला अर्ध्याहून जास्त वेढा बसला. पंपालाही बसला. पंपाच्याच दांड्यावरचा मूळ पंखा आता मध्ये येत होता. तो त्याने काढून टाकला आणि रेडिएटरपुढे विजेचा पंखा लावला.

शहाण्णवचा जानेवारी होता. इंजिन सुरू केलं तेव्हा आवाजच आला नाही. नुसती घरघर. भाऊंनी बॉनेटवर हात ठेवला.

"चालू आहे ना रे?"

"चालू आहे, भाऊ."

"अरे, मग हिने पंधरा वर्षं आमच्या कानाला काय त्रास दिला!"

पहिल्या शनिवारी गुणाजीच चालवत गेला. भाऊ मागे, सुमतीबाई त्याच्या शेजारी. मुंब्रा आलं तसं त्यांनी डाव्या हाताने डॅशबोर्ड घट्ट धरला. मुंब्रा मागे पडलं. खाडी दिसली. त्यांनी हात सोडला.

"गप्प," त्या म्हणाल्या. गाडीबद्दल. आणि हसल्या. अर्ध्याच तोंडाने, पण हसल्या.

त्याच्या आईने, मनुबाईने, हे ऐकलं तेव्हा ती म्हणाली, "बरा झाला रं. आता तरी लोकांच्या गारीबरोबर सोताच्या पोटाकर पण बघ."

असे नऊ शनिवार गेले. दर वेळी परत आल्यावर रेडिएटरमध्ये थोडं पाणी कमी झालेलं असे. गुणाजी ते भरायचा. तापमानाचा काटा कित्येक वर्षांपूर्वीच मेलेला होता. "वय झालंय," भाऊ म्हणायचे, "तहान लागते तिला." रेडिएटर जुना होता हे खरंच होतं. गुणाजीने त्यापुढे विचार केला नाही.

मार्च संपताना ऊन तापलं. दहाव्या शनिवारी जाताना मुंब्र्यात ट्रकांची रांग लागली होती. गाडी पावलापावलाने सरकत होती. पाऊण तास गेला. गुणाजी कान देऊन होता. पट्टा शांत होता. पट्टा शांत आहे म्हणजे सगळं ठीक, एवढंच तो ऐकत होता. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली. त्याने चावी फिरवायच्या आत इंजिनमध्ये काहीतरी लोखंडावर लोखंड ओढल्यासारखं वाजलं आणि गाडी जागीच अडकली.

सुमतीबाईंनी डॅशबोर्ड धरला. या वेळी सोडला नाही.

गाडी ओढून शेडमध्ये आणली. इंजिनचा ब्लॉक उभा चिरला होता. गुणाजीने शेवटी पंप काढला. आतलं चाक हातात घेतलं. त्याची पाती मुळातच वाकडी होती, एका बाजूला झुकलेली. त्याने ते पट्टा फिरवायचा तसं बोटाने फिरवलं. मग उलटं फिरवलं. मग पुन्हा पहिल्यासारखं.

पट्ट्याची पाठ पंपावर आली तेव्हाच पंप उलटा फिरू लागला होता. पाती पाण्याला पुढे ढकलायच्या ऐवजी नुसती घुसळत होती. थंडीत तेवढं पुरलं. मूळ पंखा जागेवर असता तर त्याचा वारा उलटा आला असता आणि पहिल्याच दिवशी कळलं असतं. तो त्याने स्वतःच काढला होता.

तो चाक घेऊन भाऊंकडे गेला. अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही.

भाऊंनी चाक हातात घेतलं. ड्राफ्ट्समन माणूस, त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"मी पण बघितलं होतं की," ते म्हणाले. "रोज बॉनेट उघडून बघायचो."

"तुम्ही नाही बसवलं, भाऊ."

"नाही," भाऊ म्हणाले.

ते रागावले असते तर गुणाजीला बरं वाटलं असतं.

ब्लॉक कुठेही मिळाला नाही. कुर्ल्यात नाही, पुण्याला चौकशी केली तिथेही नाही. बाबुरावने चीर सांधून बघितली. ओतीव लोखंड शेजारीच पुन्हा तडकलं. दुसरं कुठलं इंजिन बसवायला गुणाजीचा हात धजेना आणि भाऊंनी तसं म्हटलंही नाही. इंजिनाविना रिकामी डॉज ओढून अंगणात आणून ठेवली. ठाण्याचे उपचार बंद झाले.

शनिवार मात्र सुमतीबाईंना कळत होता. नऊच्या सुमाराला त्या डाव्या हाताने पदर ओढू लागायच्या. साडी बदलून द्यावी लागे. मग त्या दाराकडे बघत बसायच्या. भाऊंनी पहिल्या शनिवारी समजावलं. दुसऱ्या शनिवारी गुणाजीला निरोप पाठवला.

गुणाजी आला. दोघांनी धरून त्यांना अंगणात आणलं. डॉजचं दार सताड उघडलं. त्या सीटवर नीट बसल्या. गुणाजी पलीकडून स्टिअरिंगमागे बसला. भाऊ घरात गेले आणि बाहेर आले नाहीत.

सुमतीबाईंनी समोर बघितलं. काचेपुढे कुंपण होतं, त्यावर वाळत घातलेला टॉवेल. त्यांनी डाव्या हाताने डॅशबोर्डवर दोनदा थापटलं.

"चल," त्या म्हणाल्या.

गुणाजीने स्टिअरिंग धरलं. दोन्ही हातांनी, घट्ट. पुढे काय करायचं ते त्याला माहीत नव्हतं.

"चल ना," त्या म्हणाल्या.

"हो, काकू," गुणाजी म्हणाला.