टाइप न झालेलं वाक्य

शिवाजीनगर कोर्टाबाहेर टाइपरायटर घेऊन बसणारे ते गृहस्थ आपण सांगितलेलं प्रत्येक वाक्य आधी मोठ्यानं म्हणून दाखवत, मगच टाइप करत. सगळे कॉम्प्युटरकडे वळले, तरी मी त्यांच्याकडेच जायचो. थोरल्या भावानं आमची हिंजवडीची जमीन मला न विचारता आयटी कंपनीला विकली, तेव्हा त्याला पाठवायचं पत्र मी सांगू लागलो. चार ओळी टाइप झाल्यावर म्हणालो, "भेटलास तर खून करीन."

हे वाक्य त्यांनी म्हटलंच नाही.

"खून फारसी शब्द आहे, शेठ. मुळात अर्थ नुसतं रक्त. हे रक्त तर तुमच्याच घरचं."

"मी टायपिंगला आलोय, शिकवणीला नाही!"

"मग पुढे तिघे बसतात, तिकडे जा." त्यांनी कागद फाडला, कोरा चढवला. "भावाला हाक काय मारता?"

जमिनीवरचा दावा मी आजही सोडलेला नाही. पण ते पत्र 'दादा' असंच सुरू झालं.