लांडगीण

टांकसाळीत सगळे तिला आक्का म्हणत. संग्राहकांसाठी निघणाऱ्या सोन्याच्या नाण्यांवरचे प्राणी तिच्याच हातचे. आधी प्लास्टरची ताटाएवढी प्रतिकृती, मग तिच्यावरून पोलादी ठसा. हरीण, घुबड, अस्वल, सगळी तिने फोटो बघून कोरली होती.

लांडग्याचं काम आलं, त्याच्या थोडं आधी तिचा नवरा गेला होता. सुट्टीच्या दिवशी घर खायला उठायचं. म्हणून ती वही घेऊन प्राणिसंग्रहालयात जाऊन बसू लागली.

तिथे एकच म्हातारी लांडगीण उरली होती. एक कान फाटका.

"हिला बघून काय मिळणार, बाई?" रखवालदार म्हणाला. "जोडीदार गेल्यापासून ही उठतसुद्धा नाही. तो झोपायचा त्या कोपऱ्याकडे तोंड करून पडून असते."

आक्काची पेन्सिल बराच वेळ हलली नाही.

तिने लांडगीण जशीच्या तशी घडवली, पडलेली, फाटक्या कानाची. साहेबांनी प्रतिकृती पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आक्का, लांडगा हवाय, आजारी कुत्रं नव्हे. जरा दात दिसू देत!"

"तिला दातच राहिले नाहीत, साहेब."

इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच उलट उत्तर दिलं होतं. साहेबांना हसू आलं, पण ते बधले नाहीत. शेवटी दात विचकणारा लांडगा ठरला. तोही आक्कानेच कोरला, मन लावून, कुठेही हात आखडता न घेता. नाणी हातोहात खपली.

तोवर लांडगीण गेली होती. रखवालदाराला पक्ष्यांकडे हलवलं होतं. आक्काने ती पहिली प्रतिकृती साहेबांकडून मागून घेतली, जुन्या शालीत गुंडाळून रखवालदाराच्या खोलीवर नेली आणि टेबलावर ठेवली.

तो वाकून बघत राहिला. "कान फाटकाच ठेवलात!"

"तसाच होता ना."

मग त्याने हात पँटला पुसला आणि उलट्या बोटांनी प्लास्टरच्या नाकाला हळूच स्पर्श केला.

"रोज सकाळी असाच हात लावून बघायचो," तो म्हणाला. "नाक गार असलं, ताप नसला की जिवात जीव यायचा."

आक्काने त्याच्यासमोरची खुर्ची ओढली. कितीतरी दिवसांनी तिला कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं.