पर्समधलं दुसरं हत्यार

लशीची गाडी इंदापूरहून निघाली असा फोन आला, की ती आमच्या आरोग्य केंद्रात पोचेपर्यंत दोन तास सहज जायचे. कधी टायर पंक्चर, कधी साहेब वाटेत चहाला, कधी दोन्ही. तेवढा वेळ आम्ही नर्सबायका रिकामे लसडबे पायाशी ठेवून व्हरांड्यात बसायचो. रजिस्टर लिहून झालेलं, साहेबांना नावं ठेवून झालेली, मग उरायचे किस्से. दर आठवड्याला दोन तास आणि असं जवळजवळ सगळं नव्वदचं दशक! साचतील नाही तर काय होईल?

बहुतेक किस्से एकाच प्रश्नावरचे असायचे. आमचं काम वस्त्यांवरचं. एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि पुढं कोस-दीड कोस पायी. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, खांद्याला लसडबा, अंगावर पांढरी साडी आणि बरोबर कोणी नाही. मोबाईल नावाची वस्तू आम्ही ऐकलीही नव्हती. तेव्हा प्रश्न असा, की स्वतःच्या रक्षणासाठी बरोबर काय ठेवायचं? आणि ते एकच पुरतं का?

काळे सिस्टर आमच्यात सगळ्यात जुन्या. त्यांचा कायदा ठरलेला होता. "एक हत्यार हातात, दुसरं पर्समध्ये. हातातलं ऐन वेळी दगा देतं, हे लिहून ठेवा."

त्यांनी तो कायदा कसा केला, तोच पहिला किस्सा.

* * *

काळे सिस्टरांचं हातातलं हत्यार म्हणजे छत्री. लांब दांड्याची, पुढं लोखंडी टोक असलेली. बारा महिने बरोबर.

एकदा सणसरकडच्या कालव्याच्या भरावावर भरदुपारी एक गडी आडवा आला. पोटात बरीच गेलेली. वाट सोडेना, वर काहीतरी बरळायला लागला. सिस्टरांनी छत्री उगारली. त्याच क्षणी बटण दाबलं गेलं, छत्री उघडली, कालव्यावरचा वारा तिच्यात शिरला आणि ती उलटी होऊन सगळ्या काड्या आभाळाकडे! गडी हसायला लागला. पर्समध्ये दुसरं काहीच नव्हतं.

तेव्हा सिस्टर कमरेवर हात ठेवून कडाडल्या, "माझी वाट अडवतोस? अरे, तुझी नाळ कापलीय मी या हातानं!"

गड्याची खाडकन उतरली. त्यानं वाकून पाया धरले, लसडबा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि त्यांना पुढच्या वस्तीपर्यंत पोचवून आला.

आम्ही विचारलं, "तुम्ही ओळखलंत त्याला?"

"छे गं. कोण होता देव जाणे. पण वीस वर्षं बाळंतपणं करतेय या भागात, एखादा असणारच माझ्या हातचा."

किस्सा इथं संपत नाही. दोन महिन्यांनी त्याची आई टोपलीभर वांगी घेऊन केंद्रात आली. काळे सिस्टरांपुढं टोपली ठेवून म्हणाली, "बाई, ह्यो तर माज्या माह्यारी झालाय, तिकडं करमाळ्याला. पर त्या दिसापास्नं बाटलीला शिवला न्हाय. तवा तुमीच नाळ कापली आसं म्हना, मी न्हाय म्हनायची न्हाय."

वांगी आम्ही सगळ्यांनी वाटून घेतली.

* * *

मंगल आमच्यात आली तेव्हा बावीस वर्षांची होती. माळेगावची मुलगी, वडील कारखान्यात फिटर. तिला निमगाव केतकीच्या पलीकडचं उपकेंद्र मिळालं, दोन वर्षं रिकामं पडलेलं. तिथं कोणी टिकत नव्हतं, त्यामुळे तिकडच्या वस्त्यांवरची कितीतरी पोरं लशीवाचून राहिली होती. वडिलांनी पोचवायला येऊन सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "भ्या वाटलं तर सरळ घरी यायचं. नोकरीपायी जिवाला घोर नको." आणि मंगलला भीती वाटायची. पानाचं सळसळणं ऐकलं तरी ती थांबायची. तिला टिकवून ठेवायचं हे आम्ही न ठरवताच ठरवून टाकलं.

काळे सिस्टरांनी तिला हातात घ्यायला वेताची काठी दिली. पर्ससाठी मी मिरचीपूड दिली, सर्दीच्या मलमाच्या रिकाम्या बाटलीत भरून. घरची संकेश्वरी, कुटून आणलेली, जहाल. म्हटलं, कोणी अंगावर आलाच तर सरळ डोळ्यांत.

महिन्याभरानं एका वस्तीजवळ कुत्रं तिच्यावर धावून आलं. काठी हातातून निसटली. मंगलनं बाटली काढली, झाकण उघडलं, फेकली. आतून काही म्हणता काही पडलं नाही! कुत्रं बिचारं बाटली हुंगून परत गेलं.

मी म्हटलं, "अगं, मी गच्च भरून दिली होती."

मंगल खाली मान घालून म्हणाली, "शाळेत डबा खायला बसते ना मी. काकडीला लावली एकदा. मग पेरूला. मग गुरुजी पण मागायला लागले."

शाळेतल्या सगळ्यांनी मिळून तिचं हत्यार खाऊन टाकलं होतं.

* * *

आता माझा स्वतःचा. यात माझी शोभा आहे, पण सांगते.

आमच्या ह्यांनी बारामतीच्या बाजारातून मला खटक्याचा चाकू आणून दिला होता. बटण दाबलं की पातं बाहेर. घरी दहा वेळा दाबून बघितला, दहाही वेळा उघडला.

एका सकाळी फाट्यावर उतरले आणि लक्षात आलं, एक माणूस एम-एटी घेऊन मागं येतोय. मी भरभर चालले तर तो थोडा जोरात, मी थांबले तर तोही थांबतो. पुढं जात नाही, मागं फिरत नाही. अर्धा कोस असंच. शेवटी वळून उभी राहिले, पर्समधून चाकू काढला आणि खटका दाबला.

उघडेना! पुन्हा दाबला. दातानं ओढून पाहिलं. माणूस गाडी बंद करून शांतपणे बघत होता. मग जवळ आला, हात पुढं केला आणि मी, काय सांगू, चाकू त्याच्या हातात दिला! नको त्या माणसाच्या हातात आपलं हत्यार आपणच द्यायचं, असा वेडेपणा करणारी मी एकटीच असेन.

त्यानं गाडीच्या साखळीचं थोडं ग्रीस बोटावर घेतलं, खटक्याला लावलं, दोन-तीनदा उघडमीट करून पाहिलं आणि मुठीची बाजू माझ्याकडे करून चाकू परत दिला.

"पावसाळ्यात गंजतंय, बाई. तेल देत जावा."

मी विचारलं, माझ्या मागं का येताय. तो फारच संकोचला. वस्तीवरची कुत्री व्यालेली होती, म्हणून त्याच्या आईनं त्याला बाईंच्या सोबतीला धाडलं होतं. पण परक्या बाईला गाडीवर बसा म्हणणं बरं दिसत नाही, पुढं जाऊन पाठ दाखवणं बरं दिसत नाही आणि वाटेत हाक मारणं तर मुळीच बरं दिसत नाही. मग राहिलं काय? मागं मागं येणं.

त्यानंतर तीन वर्षं त्या फाट्यावर माझ्या दिवशी कोणी ना कोणी उभं असायचं. मी किती निर्धास्त चालले असेन त्या वाटेनं! त्या माणसाचं नाव विचारायचं राहून गेलं, याची आजही चुटपुट लागते.

* * *

पुढं एका ट्रेनिंगला महिला हवालदार आल्या होत्या. त्यांनी सांगितलं, हत्यार बाजूला ठेवा, आधी ओरडा. मंगलनं ते मनावर घेतलं.

सणसरच्या शिवारात ती काळे सिस्टरांच्या मदतीला आली होती. वाटेत तिचा पाय धामणीवर पडला. काठी आठवली नाही, पूड आठवली नाही. ती अशी ओरडली, की बाजूच्या फडात ऊसतोड करणारी अख्खी टोळी कोयते घेऊन बाहेर आली. बाया, गडी, मागोमाग चिल्लीपिल्ली. धामण केव्हाच पसार.

आता या टोळ्यांची पोरं म्हणजे आमची डोकेदुखी. पांढरी साडी दिसली की बाया पोरांना पाचटात दडवायच्या. आज सगळी आपणहून समोर उभी. मंगलनं डोळे पुसले, लसडबा उघडला आणि तिथंच बांधावर नऊ पोरं टोचली.

निघताना मुकादम म्हणाला, "बाई, फुडच्या खेपंला साप नसला तरी आरडा."

* * *

आता शेवटचा. हा मी सांगायला लागले की काळे सिस्टर अजून मध्येमध्ये दुरुस्त करतात.

मंगलच्या भागात एक धनगरवस्ती होती. बहुतेकांनी मेंढरं विकून शेती धरलेली, दोन-चार घरं अजून कळप घेऊन बाहेर जायची. त्यातला एक भिवा. तो मेंढरांमागं लांब गेला असताना त्याच्या बायकोला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या, अंगावरून जायला लागलं. मंगलनं कोणाला विचारत न बसता कारखान्याची जीप थांबवली आणि तिला बारामतीला दवाखान्यात नेलं. बाई वाचली, मुलगी वाचली.

भिवा परतला आणि त्याला एवढंच दिसलं, की आपल्याला न विचारता आपली बायको नेली. त्यानं मंगलला फाट्यावर गाठलं. "परत वस्तीवर दिसलीस तर तंगडं मोडून हातात दीन."

मंगल माझ्याकडे आली ती बॅग भरूनच. रडत नव्हती, त्याचीच मला जास्त काळजी वाटली. म्हणाली, मंगळवारचं लसीकरण करते आणि माळेगावला जाते, आता नाही निभायचं. मी तिला थांब म्हणू शकले नाही. माझी मुलगी असती तर मीही घरीच बोलावलं असतं. पण उपकेंद्र पुन्हा रिकामं पडणार, हे मला समोर दिसत होतं.

मंगळवारी आम्ही तिघी गेलो. काळे सिस्टरांच्या हातात नवी छत्री, पर्समध्ये कात्री. माझ्याकडे तेल दिलेला चाकू आणि पूड. मंगलच्या हातात काठी आणि दुसऱ्या हातात माझा हात.

वस्तीच्या तोंडाशी आलो तर कुत्र्यांचा आवाज नाही. सगळी बांधून ठेवलेली. पुढं वाटेच्या दोन्ही कडांना बाया बसलेल्या, वीस-पंचवीस तरी असतील. खुरपणीवरनं तशाच उठून आलेल्या, कडेवर पोरं आणि हातात खुरपी. मधोमध भिवाची म्हातारी आई. तिनं आमच्या हातांतल्या सगळ्या सरंजामावर एक नजर टाकली.

"बाई," ती मंगलला म्हणाली, "तुमी फकस्त सुई धरा. बाकीचं आमच्याकडं हाय."

माझे डोळे भरून आले, ते लपवायला मी लसडब्याचा पट्टा सोडत बसले. आमच्या पोटापाण्याची नोकरी ती, तिच्यासाठी या बायांनी एक दिवसाचं रान सोडलं होतं. त्यांचे उपकार मी आजवर विसरलेले नाही.

भिवा लिंबाखाली उभा होता. म्हातारी त्याच्याकडे गेली, दंडाला धरून त्याला आणलं आणि पोरांच्या रांगेत सगळ्यात पुढं उभं केलं.

"आदी ह्याला टोचा."

मंगल गडबडली. "यांना? यांना कशाचं टोचू?"

"ते तुमी ठरवा. पर सुई जरा मोठी घ्या."

मंगलनं काळे सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी छत्री काखेत मारली, लसडब्यात हात घातला आणि धनुर्वाताची बाटली काढून दिली. भिवानं बाही वर केली, तोंड फिरवलं आणि आईचा पदर धरला. मंगलनं कापूस फिरवला, सुई टोचली, काढली. हात जराही हलला नाही.

मग पोरं झाली. भिवाची मुलगी त्याच्याच मांडीवर टोचली. सामान आवरताना म्हातारीनं विचारलं, "लेकी, फुडच्या म्हयन्यात येशील न्हवं?"

मंगलनं रजिस्टरमधून मान वर केली नाही. भिवाच्या नावापुढं पुढच्या महिन्याची तारीख घालत म्हणाली,

"यावंच लागेल. यांचा दुसरा डोस राहिलाय."