तांदळे साहेबांचं एकतर्फी प्रक्षेपण

तांदळे साहेब फोनवर क्वचित बोलत. बहुधा त्याच्याकडे बघत. बीडजवळच्या प्रक्षेपण केंद्रात मी रुजू झालो, त्या दिवशी त्यांनी ओळखपाळख नसताना माझ्या हातात फोन दिला. "पळ बे. चित्र थांबलं की वरड." मी कुंपणापर्यंत पळालो. चित्र थांबलं नाही, त्यामुळे ओरडायचं कारण पडलं नाही.

इंटरनेटशिवाय फोनवर टीव्ही दाखवायची चाचणी चालू होती. साहेब समजावत, "फोनला इंटरनेटची पाकिटं, म्हंजी माहितीचे बांधलेले तुकडे, कळतेत, टॉवरला न्हाई. म्हून पाकिटावर आणिक एक पाकीट. टॉवर वरचं बघून सोडतो, फोन ते फाडून आतलं घेतो. अवघड काय हाय?" अवघड एवढंच होतं, की फोनकडून उलट काही येत नसे. पोचलं की नाही, कळायला मार्ग नव्हता.

चाचणीचा एक फोन त्यांनी गेवराईकडे, गोदाकाठच्या वस्तीवर राहणाऱ्या थोरल्या बहिणीला दिला होता. गयाअक्का त्यावर शेतीचा कार्यक्रम बघे आणि निवेदकाच्या चुका काढे.

त्या पावसाळ्यात धरणातून पाणी सोडणार असल्याचा निरोप केंद्रावर आला. गेवराईकडची वीज गेलेली, फोन लागत नव्हते. इशारा दाखवू का असं विचारल्यावर वरच्या कार्यालयानं कळवलं, मंजुरीशिवाय काही दाखवू नका. साहेबांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि चालू कार्यक्रम बंद करून ते स्वतः कॅमेऱ्यासमोर बसले.

"अक्के, मी हाय. म्हसरं सोड. समद्यांला घिऊन माळावर जा. पाणी येतंय."

अंधार पडेपर्यंत ते हेच बोलत राहिले. मी पाणी दिलं, त्यांनी घेतलं नाही. "तिनं फोन चालू केला आसंल का रे?" त्यांनी एकदाच विचारलं.

दुसऱ्या दिवशी कळलं, वस्ती पाण्याखाली गेली. माणसं, जनावरं माळावर होती.

चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं विचारलं, "हा विनापरवानगी कार्यक्रम कुणासाठी होता?"

"एका बाईसाठी."

"एकाच प्रेक्षकासाठी?"

"तिचं आख्खी वस्ती ऐकती, साहेब."

उत्तर असमाधानकारक ठरलं. साहेबांची विदर्भात बदली झाली. निघायच्या दिवशी वस्ती टेम्पोनं केंद्रावर आली. भाषण कुणालाच जमेना. गयाअक्का पुढं झाली, भावाच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "फोनमधी लई वाळल्यावानी दिसत व्हतास. हितं बरा हायस."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.