भोंग्याचं तोंड शेताकडे

तुमच्या घरासमोरच्या शाळेत काल कोणाचं अभिनंदन झालं, हे तुम्हाला सांगता येईल का? शाळा सुटायची वेळ माहीत असेल, कारण तेव्हा रस्त्यात रिक्षा अडकते. वार्षिक संमेलन कधी असतं तेही माहीत असेल, त्या दिवशी गाणी लागतात. पण नाव? एक तरी?

मला सांगता यायचं. यात फुशारकी नाही. वसईच्या पूर्वेला, चिंचोटीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर मी भाड्याने राहते. समोर मराठी शाळा आहे. तिच्या पत्र्यावर एक जुना भोंगा आहे आणि त्याचं तोंड सरळ माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते. काम मेलवर येतं, मेलवरच जातं. दुसऱ्यांची वाक्यं दिवसभर वाचायची आणि चुका दाखवायच्या, एवढाच माझा माणसांशी संबंध. कितीतरी दिवस असे जायचे की सकाळी भोंगा बोलायचा आणि मग झोपेपर्यंत माझ्या कानावर बोललेला दुसरा शब्द पडायचा नाही. भोंगा माझ्याशी बोलत नव्हता, हे मला कळत होतं. तरी मी चहा घेऊन खिडकीत जायचे.

राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना झाली की सूचना. त्या मुख्याध्यापिकाबाई स्वतः वाचायच्या. "मतदार यादीच्या कामाला नेमलेल्या शिक्षकांनी मधल्या सुट्टीत कार्यालयात यावे. सहावीच्या बाई रजेवर आहेत, त्यांना मुलगी झाली आहे." इथे पोरांचा लांबलचक 'ओऽऽ'. "शिष्यवृत्तीच्या वर्गाला नावं द्यायची मुदत शनिवारपर्यंत वाढवली आहे. आयटीआयची माहिती द्यायला पाहुणे येणार आहेत, दहावीच्या पालकांनीही यावे." आणि शेवटी, जरा थांबून, "आता अभिनंदन." कोणाला चित्रकलेत अ श्रेणी. कोणाचा तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तिसरा नंबर. कोणी रस्त्यात सापडलेलं पाकीट ज्याचं त्याला नेऊन दिलं. नाव, वर्ग, गाव. मग बाई म्हणायच्या, "पावसाची टाळी!" तळहातावर आधी एक बोट, मग दोन, मग तीन, असं करत सगळ्या शाळेचे हात एकदम कोसळायचे. ती टाळी कोणी मला शिकवली नाही. खिडकीत उभं राहून येऊ लागली.

मी पत्रकांवर वाढले. विरारजवळच्या नंदाखाल गावातल्या आमच्या घरात वर्तमानपत्र कधी यायचं, कधी नाही. पत्रकं मात्र गठ्ठ्याने असायची. बाबा केळीची बाग करायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. टँकरवाले विहिरी उपसतात त्याविरुद्ध, बागांतून रस्ता नेतात त्याविरुद्ध. गुलाबी नाहीतर पिवळा कागद, वर ठळक 'जाहीर निषेध'. इतर मुलं कमळाचा क गिरवत होती तेव्हा मला निषेधातला ष येत होता. बाबा गेले. बाग भावाकडे आहे, आणि भावाला निषेध आवडत नाही. जेवताना कोणी भांडलेलं त्याला चालत नाही. म्हणून मी इथे.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष दारात आले. हातात पॅड, पॅडवर अर्ज.

"मॅडम, ते शाळेच्या भोंग्याचं. नॉइज पोल्युशन. बंद करा नाहीतर पोलिसात जाऊ, असं शाळेला लिहून देतोय. सगळ्या मजल्यांच्या सह्या झाल्यात. इथे करा."

"मला त्याचा त्रास नाही."

"तुम्हाला नसेल. सीनियर सिटिझन आहेत, वर्क फ्रॉम होमवाले आहेत."

"मीपण घरूनच काम करते."

"मग तर तुमची सही आधी पाहिजे!" त्यांनी पेन पुढे केलं आणि एकदम थांबले. "एक मिनिट. तुम्ही रेंटवर ना?"

"हो."

"अरे, मग जाऊ द्या. टेनंटची नको." पेन खिशात गेलं. "उगाच तुमचा टाइम घेतला."

नवरात्रात याच गृहस्थांनी पार्किंगमध्ये लावलेल्या डीजेने माझ्या मांडणीवरची भांडी नाचली होती. ते मी त्यांना सांगितलं.

"तो फेस्टिव्हल होता, मॅडम," ते जिना उतरत म्हणाले. "शाळा तर रोजच असते."

माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये एक नर्स राहते, स्वतःच्या घरात, हप्ते फेडत. या इमारतीत माझ्याशी दोन शब्द बोलणारी ती एकटीच. तिनेही सही केली होती.

"भांडायला आलीस ना?" दार उघडताच ती म्हणाली.

"विचारायला आलेय."

"अगं, रात्रभर उभी असते मी वॉर्डात. घरी येते, अंघोळ करते, जरा डोळा लागतो, की पावसाची टाळी! माझं काय वैर आहे त्या पोरांशी? पण मी माणूस आहे की नाही?"

पत्रकात सोपं असतं. तिथे एक बाजू असते आणि समोर एक लबाड. थकून घरी आलेली बाई तिथे कोणी लिहीत नाही.

दोन-तीन दिवसांनी मी शाळेत गेले. भोंग्याचं तोंड मैदानाकडे फिरवा, आवाज कमी होईल, एवढंच सुचवायचं होतं. मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर सोसायटीचा अर्ज पडलेला होता. त्यांनी मला बसायला सांगितलं आणि हसल्या.

"त्याचं तोंड तुमच्याकडे नाही हो. तुमची बिल्डिंग त्याच्या तोंडासमोर आली."

शाळा बांधली तेव्हा समोर भाताची शेतं होती आणि त्यांच्या पलीकडे मिठागरं. आईबाप उजाडताच कामावर. पोराचं कौतुक ऐकायला शाळेत यायला कोणाला सवड? तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी भोंगा मुद्दाम शेताकडे तोंड करून बसवला. सूचना मुलांसाठी होत्या, अभिनंदन आईबापांसाठी. नाव आलं की चिखलात वाकलेली एखादी बाई सरळ उभी राहायची आणि शेजारची तिला ओरडून सांगायची, तुझा, तुझा! हे बाईंनी स्वतः पाहिलं होतं. त्या याच शाळेत शिकल्या.

"मैदानातल्या मुलांना भोंगा कशाला हवा?" त्या म्हणाल्या. "ती माझ्यासमोर उभी असतात. मी नुसती बोलले तरी ऐकतात. ऐकली तर."

"मग हे सोसायटीला सांगा ना."

"सांगितलं. ते म्हणाले, आता शेतं आहेत कुठे?"

एक आहे. आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून. पावसात भात, हिवाळ्यात मुळा, माठ, वाल. ते कसणारी बाई सकाळी पाणी लावून झालं की आमच्याच गेटवर भाजी घेऊन बसते. मी रोज तिच्याकडून घेत होते आणि भाजीच्या दरापलीकडे कधी बोलले नव्हते. त्या दिवशी परतताना तिच्यासमोर बसले.

"मावशी, शाळेचा भोंगा ऐकू येतो का तुम्हाला?"

"येतो ना. तुमची बिल्डिंग आडवी आली तरी बाजूनं येतो. पानी लावताना कान तिकडंच असतो माझा."

"कोणाचं नाव ऐकायला?"

"कोनाचा म्हंजे? माझ्या पोरीचा. आठवीला हाय." तिने माठाच्या जुड्यांवर पाणी शिंपडलं. "सगळ्यांची नावं येतात. ज्याला पाकीट सापडला त्याचा पन आला. हिचा काय अजून नाय आला. हिला पाकीट पन सापडत नाय."

मी हसले, तीही हसली. मग जरा हळू म्हणाली, "धावते ती. तालुक्याला निवडली, आता जिल्ह्याला चाललीय. आली पहिली, तर घेतील ना नाव?"

"घेतील की."

"मंग बघू."

त्या रात्री मी पत्रक लिहिलं. सौम्य लिहायला मला येत नाही. ज्या शेतावर ही इमारत उभी आहे त्या शेतासाठीच तो भोंगा बसवला होता, असं लिहिलं. नऊ रात्री डीजे चालतो आणि एका मुलीचं नाव चालत नाही, असंही लिहिलं. आपण हवा विकत घेतलेली नाही, फक्त चौरस फूट घेतलेत, असं लिहिलं. प्रती काढल्या आणि प्रत्येक दाराखालून सरकवल्या. मी त्यातला एकही शब्द मागे घेत नाही. पण सकाळी लिफ्टमध्ये माझ्याबरोबर चढलेलं एक जोडपं पहिल्याच मजल्यावर उतरून जिन्याने गेलं, हे सांगायला हवं.

रविवारी सोसायटीची सभा पार्किंगमध्ये होती. मी गेले. हात वर केला.

"मॅडम, सभा मेंबरांची आहे," अध्यक्ष म्हणाले. "तुमच्या मालकांना बोलवा, ते बोलतील."

"तुम्ही दोन मिनिटं ऐका फक्त."

"तुमचं ऐकलं की आम्ही. दाराखालून." सगळे हसले. मीही बाहेरची असते तर हसले असते. पण मी तिथेच, दोन मोटारींच्या मधे, हात वर करून उभी होते. मालकांना फोन लावला. ते म्हणाले, ताई, ॲग्रीमेंट संपत आलंय, रिन्यू करायचंय ना? नर्स मागच्या रांगेत बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

त्याच आठवड्यात भोंग्याची वायर काढली. कोणी पोलिसात गेलं नाही, जायची गरज पडली नाही. बाई म्हणाल्या, आम्हाला वाद परवडत नाही. भोंगा छपरावर तसाच आहे, शेताकडे तोंड करून.

पहिल्या सकाळी मी सवयीने खिडकीत गेले. मैदानात मुलं रांगेत उभी, बाईंचे ओठ हलत होते. मग सगळ्यांचे हात हलले. माझ्यापर्यंत काही आलं नाही. चहा कधी संपला कळलं नाही, आणि रेडिओ लावावा असंही वाटलं नाही. दुपारी कुरिअरवाला आला तेव्हा मी त्याला उगाच विचारलं, ऊन आहे का हो बाहेर? तो म्हणाला, आहे की. मग गेला.

ती मुलगी जिल्ह्यात पहिली आली. शनिवारी शर्यत झाली आणि सोमवारी मी परिपाठाच्या वेळेला शाळेच्या फाटकापाशी जाऊन उभी राहिले. मागून ट्रक जात होते, तरी तिथून ऐकू आलं. बाईंनी नाव घेतलं, वर्ग सांगितला, गाव सांगितलं, विभागीय स्पर्धेला निवड झाल्याचं सांगितलं. एक सडपातळ मुलगी पुढे आली, पायांत मोजे नव्हते. पावसाची टाळी झाली. मी धावतच आमच्या गेटवर आले.

"मावशी, घेतलं नाव! आत्ता. टाळ्या पण झाल्या."

"ती पहिली आली ते घरी येऊन सांगितलाच तिनं," भाजीवाली म्हणाली. "पन तिला काय, मी रोजच ऐकते. बाईंनी म्हटलेला ऐकायचा व्हता." मग तिने विचारलं, "मोठ्यानं घेतला?"

"हो, मोठ्यानं."

"हितपर्यंत तर नाय आला."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून एका बाईंनी हाक मारली, मावशी, मुळा कसा दिलात? ती उठली, मान वर करून भाव सांगू लागली. मी तिथे उभी होते.

हे मी नर्सला सांगितलं. ती ड्युटीवरून नुकतीच आली होती, तोंड सुजल्यासारखं दिसत होतं.

"झोप लागते का आता?" मी विचारलं. टोमणाच होता.

"कुठे गं? भोंगा बंद झाला तर ट्रक ऐकू यायला लागले." ती दाराला टेकली. "केलेली सही काढता येते का?"

आम्ही दोघींनी तिच्या ओट्यावर कागद ठेवून अर्ज लिहिला. अध्यक्षांनी तो घेतला, वाचला आणि म्हणाले, एका फ्लॅटने काय होतंय? आणखी मेंबर आले तर पुढच्या सभेत विषय घेऊ. माझी सही त्यांना आजही नको आहे. विभागीय स्पर्धा पुढच्या महिन्यात आहे. ती मुलगी संध्याकाळी आमच्या मागच्या बांधावरून धावते.

म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे, जे घराचे मालक आहात आणि ज्यांची सही चालते. वसई-विरारमध्ये शाळेसमोर उभी असलेली आमची एकच इमारत नाही. तुमच्या सोसायटीने असा अर्ज दिला असेल, तर आज एक कोरा कागद घ्या. त्यावर लिहा: शाळेच्या परिपाठाच्या आवाजाला माझी हरकत नाही, आधीची सही मी मागे घेत आहे. खाली फ्लॅट नंबर घाला, सही करा, आणि सेक्रेटरीच्या हातात द्या. झोपेची अडचण असेल तर तीही लिहा, वेळ ठरवून घ्या, आवाज ठरवून घ्या. पण कागद या आठवड्यात द्या.