उभ्यानं ओढलेली रेघ

रेडिएशन सुरू होण्याआधी एका तरुण मॅडमनं माझ्या छातीवर शाईनं रेघा आखल्या. खरं सांगते, तेव्हा मला भीती वाटली नाही. मनात आलं ते एवढंच, की ही पोरगी टेप न लावता कशी काय आखतेय?

मी पाथरीत पंचवीस वर्षं ब्लाउज शिवते. निम्म्या गावातल्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत. कुणाचा एक खांदा उतरता, कुणाची एक बाजू भरलेली, हे त्यांच्या नवऱ्यांना ठाऊक नसेल इतकं मला ठाऊक. पण माझं माप दुसऱ्या कुणी घ्यावं अशी वेळ कधी आली नव्हती. डाव्या बाजूची गाठ ऑपरेशननं काढली, किमो झाली, आणि आता पाच आठवडे रोज शेक घ्यायचा होता. आमच्याकडं रेडिएशनला शेकच म्हणतात. त्यासाठी सोमवार ते शुक्रवार मोठ्या शहरात, दवाखान्याजवळ खोली घेऊन राहायचं आणि शुक्रवारी एसटीनं घरी यायचं. बरोबर सासूबाई.

त्या पहिल्या दिवशी मला उतरत्या फळीवर निजवलं, डावा हात डोक्यावर नेऊन एका दांडीला धरायला लावला. भिंतीतून लाल उजेडाच्या बारीक रेघा निघाल्या आणि माझ्या अंगावर येऊन थांबल्या. उघडं पडल्याची लाज वाटायला हवी होती, पण मी त्या लाल रेघांकडंच बघत राहिले. इतकी सरळ रेघ मी आयुष्यात पाहिली नव्हती.

"मॅडम, ह्या शाईच्या कशाला मग?"

"काकू, तुम्ही रोज इथं येऊन झोपणार. रोज जराशा इकडं-तिकडं झोपणार. माझी शाई आणि भिंतीतला उजेड एकावर एक बसला, की मला कळतं तुम्ही बरोबर जागी आहात."

"म्हणजे कच्चा टाका. पक्की शिलाई पडेस्तोवर उसवायचा नाही."

ती हसली. "अगदी तसंच. साबण नाही, तेल नाही, पावडर नाही, घासायचं नाही. रेघ पुसट झाली तर मला फोन करायचा. स्वतः हात लावायचा नाही."

शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं होतं.

शेक घेताना काय वाटतं, असं पुढं मला बऱ्याच जणींनी विचारलं. काही वाटत नाही. वीतभर जाड दार लागतं, सगळे बाहेर जातात, मशीनचं डोकं तुमच्याभोवती फिरतं, भुंग्यासारखा आवाज येतो आणि थांबतो. मी रोज डोळे मिटून शोधायची, आत कुठं ऊब लागते का, मुंगी चालते का. काही नाही. माझ्याच अंगात काम चाललंय आणि मलाच पत्ता नाही, याचं मला फार नवल वाटायचं. तिसऱ्या आठवड्यात मात्र कातडी बोलायला लागली. आधी लाल झाली, मग काखेखाली इस्त्री जास्त लागलेल्या सुती कापडासारखी तांबूस काळी. ब्लाउजचा मुंढा तिथं नेमका काचायचा. मी मलमलचा एक सैल झगा बेतला आणि डाव्या बाजूला शिलाईच येऊ दिली नाही. रांगेतल्या दोघींनी तसाच शिवून मागितला. मला बरं वाटलं. दवाखान्यातही माझा हात चालला.

हाताचा हा गर्वच नडला.

तिसऱ्या आठवड्याचा तो शुक्रवार. उन्हाळा, खचाखच एसटी, घामानं झगा पाठीला चिकटलेला. शनिवारी सकाळी न्हाणीतल्या आरशात बघते, तर कुशीवरची रेघ जवळजवळ गेलेली. मॅडमनं शाईवर लावलेली चिकटपट्टी सुटून तिच्यासोबत शाईही निघाली होती. फोन नंबर होता. मॅडम रागावली नसती. पण मी शिलाई मशीनच्या टेबलावरून शाईपेन आणलं, टेप घेतली, ऑपरेशनच्या टाक्यापासून अंतर मोजलं, जुन्या रेघेच्या उरलेल्या दोन ठिपक्यांवर नेम धरला आणि एका दमात रेघ ओढली. सुरेख आली. पाथरीत माझ्या हातचं ब्लाउज कधी परत आलं नाही, ही रेघ का चुकेल?

रविवारी सासूबाईंनी माझ्या डोक्याला खोबरेल लावलं. किमोनंतर नुकते बोटभर केस आले होते. त्यांना फार अप्रूप. "मऊ लागायलेत गं, तान्ह्या लेकराच्या जावळासारखे," असं म्हणत त्या किती तरी वेळ चोळत बसल्या.

पुढच्या सोमवारी मॅडम रजेवर होती. दुसऱ्या माणसानं रेघा बघून शेक दिला. मंगळवारी दिला, बुधवारी दिला. गुरुवारी मॅडम आली. दर गुरुवारी मशीनवर फोटो काढून जागा तपासायची तिची पद्धत. फोटो बघून ती आत आली, माझ्या कुशीजवळ वाकली आणि सावकाश म्हणाली, "काकू, ही रेघ माझी नाही."

मी भिंतीतून येणाऱ्या लाल रेघेकडं नजर वळवली.

"कुणी पुसली होती? कधी?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सासूबाईंनी तेल लावलं. काल. ओघळलं असेल. मग मी जराशी गिरवली."

का बोलले, याचं उत्तर मी पुष्कळ शोधलं. एवढंच सापडतं, की ज्या हातावर माझं घर चालतं तो हात चुकला, हे मला त्या पोरीपुढं कबूल करवेना.

सासूबाईंना आत बोलावलं. चपला हातात घेऊन आल्या.

"आजी, तेल लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"लावलं व बाई," त्या लगेच म्हणाल्या. "डोक्याला लावलं मी. खाली उतरंल असं ध्यानातच आलं न्हाई." मग माझ्याकडं वळून, "पोरी, शेक वाया गेला का गं माझ्यापायी?"

मी छताकडं बघत राहिले. त्यांनी लावलेलं तेल कुशीपर्यंत पोचलंच नव्हतं. रेघ त्याच्या आदल्या दिवशीच ओढून झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी एकटी मॅडमकडं गेले आणि सगळं सांगितलं. शनिवार, टेप, पेन. तिनं मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. ते म्हणाले, चूक बोटाच्या पेरापेक्षा कमी आहे, उरलेल्या शेकांत सांभाळून घेता येईल. "पण तुम्ही 'काल' म्हणालात, म्हणून आम्ही एकच दिवस धरून चाललो होतो. तीन दिवस होते. हे आम्हाला कळायलाच हवं होतं." मी मान खाली घातली. पण तेव्हाही एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवेना. "माप बरोबर घेतलं होतं मी. मग चुकली कुठं?"

मॅडमनं मला आरशापुढं उभं केलं. माझ्या कुशीवर एक ठिपका दिला आणि म्हणाली, "आता हात वर करा." ठिपका सरकला. चांगला सरकला. "आम्ही झोपवून, हात वर करून आखतो. तुम्ही उभ्यानं आखली."

मी हात वर-खाली करत तो ठिपका बघत राहिले. उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं कापड ओढलं की कसं हलतं, हे मी शिकाऊ पोरींना रोज शिकवते. स्वतःच्या कातडीला मात्र मी टेबलावर पसरलेलं कापड समजले होते.

"सासूबाईंना तुम्ही काही सांगू नका," मी तिला म्हणाले. "मी सांगते."

चार वर्षं सांगितलं नाही.

त्या चार वर्षांत धाकट्या जावेला मुलगी झाली. आमच्या गल्लीतल्या कितीतरी लेकरांना सासूबाईंनी तेल लावून न्हाऊ घातलेलं, पण नातीला त्यांनी हात लावला नाही. "माझ्या हाताला यश न्हाई," म्हणाल्या. जाऊ आधी रुसली, नंतर थट्टा करू लागली. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणतो. चार बायका जमल्या की जाऊ हमखास म्हणायची, "आत्याबाईंच्या हाती तेलाची बाटली देऊ नका बरं, शेक उतरतो!" बायका हसायच्या. सासूबाईही हसायच्या आणि पदराला हात पुसायच्या. मी चहा गाळत असायची.

माझ्या तपासणीच्या दिवशी त्या उपास धरायच्या. रिपोर्ट येईपर्यंत पाणीसुद्धा मोजकंच. मला वाटायचं, देवाचं काही असेल. विचारलं नाही. उत्तर काय येईल याची धास्ती होती.

यंदा तपासणीहून परतताना रिपोर्ट मिळाला नाही, दोन दिवसांनी येईल म्हणाले. देवगाव फाट्यावर गाडी बदलायला उतरलो आणि सासूबाईंना घेरी आली. त्यांना साखरेचा त्रास. हॉटेलच्या बाकावर बसवलं, पोहे मागवले. त्या प्लेटीला शिवेनात.

"आत्याबाई, पडाल अशानं. खा."

"रिपोट आल्याबिगर न्हाई."

"पण का?"

"मी तेल लावलं म्हणून तुझा शेक चुकला. आता पुन्ना गाठ आली तर ती माझी असंल. तवर आन्न कसं गोड लागंल गं मला?"

तिथंच सांगितलं. शनिवार, आरसा, पेन, "काल" हा शब्द, सगळं. जीपवाले "सेलू, सेलू" ओरडत होते. सासूबाईंनी मला मधे एकदाही थांबवलं नाही. मी संपल्यावर प्लेट पुढं ओढली आणि पोहे खाल्ले, शेवटच्या शेंगदाण्यापर्यंत. मग म्हणाल्या, "तू लय शानी हायस. पर हे लय वंगाळ केलंस." पाथरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घरी आल्यावर खोलीचं दार लावलं. "दाखव."

ऑपरेशननंतर मी ती बाजू घरात कुणाला दाखवली नव्हती. हुक काढले. त्यांनी चष्मा घातला.

"कुठं होती रेघ?"

मी बोटानं दाखवली.

"हात वर कर. आता खाली. पुन्ना वर." त्यांनी आपलं बोट माझ्या कुशीवर ठेवलं होतं. कातडी त्यांच्या बोटाखालून सरकत होती आणि त्या तोंड अर्धवट उघडं ठेवून बघत होत्या. "आगं बया, हे तर चालायलंय! मग ह्यात माझं तेल कुठं आलं?"

"कुठंच नाही, आत्याबाई."

त्या बाजेवर बसल्या. बराच वेळ स्वतःच्या तळव्यांकडं बघत होत्या. मी पाया पडायला वाकले तर पाय मागं घेतले.

"ते ऱ्हाऊ दे. जावंला फोन लाव. आवाज मोठा कर."

"उद्या ती येणारच आहे, तेव्हा..."

"आता लाव."

लावला. मागं टीव्ही चालू होता, पोरगी रडत होती. मी सांगितलं. जरा भराभरच सांगितलं, खाली मान घालून. पलीकडं टीव्ही बंद झाला. जाऊ म्हणाली, "अगं बाई... ताई, अन् आम्ही आत्याबाईंना..." आणि थांबली.

सासूबाई बाजेवरून म्हणाल्या, "तिला नीट ऐकू आलं नसंल. पुन्ना सांग. सावकाश."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.